कोकणात थोडक्या पैशांत सुट्टीचं घर

आधी जागेचे कागद. सातबारा, फेरफार आणि गाव नकाशावर रस्ता दाखवलाय का, हे बघितल्याशिवाय इसार देऊ नका. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, म्हणून गावठाणातली किंवा बिनशेती जागा सोपी. विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये बघा; पावसाळ्यात सगळ्याच विहिरी भरलेल्या असतात.

२० बाय २० फुटांची खोली आणि पुढे पडवी एवढ्यावर थांबा. जोतं दोन फूट उंच घ्या. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. बाहेरून गिलावा नको, चिऱ्यांमधल्या नुसत्या दरजा, म्हणजे सांधे, भरा. चिरा हातात घेऊन ठोका: खणखणीत वाजला तर घ्या, पिवळी माती भुरभुरली तर परत पाठवा. असा चिरा पाणी पितो आणि भिंतीला ओल धरते.

खरी काळजी छपराची. मंगलोरी कौलांना ३० अंशांचा उतार हवाच. त्याहून कमी ठेवलात तर वाऱ्याचा पाऊस कौलांखालून उलटा आत शिरतो. पागोळ्या भिंतीपासून तीन फूट लांब पडाव्यात. एवढ्या खोलीला सुमारे ११०० कौलं लागतात, तुटफूट धरून १२०० आणा, पडवीची वेगळी. रिपांमधलं (कौलं ज्यांवर बसतात त्या लाकडी पट्ट्यांमधलं) अंतर आणलेल्या कौलावरूनच मापा, कारण कारखान्यागणिक माप थोडं बदलतं. वाळवीचं औषध पाया भरतानाच मारा.

काम दिवाळीनंतर लगेच सुरू करा, म्हणजे मेअखेर कौलं चढलेली असतील. रंग, फरशी पुढच्या वर्षी केली तरी चालते.