मोरीचं पाणी भाजीला घालताय? या चुका टाळा

मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावायची पद्धत आपल्याकडं जुनीच, आणि ती हुशारीची होती, कारण अळू शिजवूनच खातात आणि केळीचा घड पाण्यापासून लांब वर लटकतो. आता उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की लोक तेच पाणी मेथी-कोथिंबिरीवर पण ओततात, मग भानगडी सुरू होतात.

मोठी चूक म्हणजे सगळं पाणी सारखंच समजणं. संडासचं तर नाहीच नाही, बाळाचे लंगोट धुतलेलं पण त्यातच धरा. वॉशिंग मशीनचं पहिलं, पावडरवालं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं खळबळलेलं चालतं. फिनेल, ब्लीच पडलेलं नको. तांदूळ-भाजी धुतलेलं बिनधास्त घाला. आरओचं वाया जाणारं पाणी दिसायला स्वच्छ, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, बोअरचं असेल तर बघायलाच नको.

काही महिन्यांनी मातीवर पांढरा थर येतो, पाणी मुरत नाही, पानांच्या कडा करपतात, आणि बरेच जण रोग समजून फवारणी करत बसतात. हे बहुतेक वेळा पावडरमधल्या सोडियमचं काम असतं, काळ्या मातीत तर जास्तच, ती फुगते आणि छिद्रं बुजतात. ते पाणी थांबवा, साधं पाणी भरपूर देऊन क्षार खाली जाऊ द्या. जिप्सम (कॅल्शियमवालं खनिज) टाकलं तर त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, पण निचराच नसेल तर जिप्समचे पैसे वाया. आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर युरिया मारू नका, साबणानं मातीचा सामू (pH) वाढला की मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही.

ड्रममध्ये साठवणं ही पुढची चूक. एका दिवसाच्या वर ठेवलं की काळं पडतं, वास मारतं, डास होतात. त्याच दिवशी संपवा. ड्रिप लावलंय आणि तोट्या चोंदतायत? खरकटं आणि तेलकटपणा आधी जाळीवर अन् वाळू-खडीच्या बादलीत अडवा, आणि ती जाळी साफ पण करा, नुसती लावून काय उपयोग.

झारीनं पानांवर ओतू नका, बुडाशी द्या. कच्चं खायच्या पिकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 1989 ची मर्यादा 100 मिलिलिटरला 1000 विष्ठाजन्य कोलीफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) अशी होती, कच्च्या सांडपाण्यात तोच आकडा लाखो-कोटींत जातो. जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून मुळा, गाजर, कोथिंबीर, कांदापात या पाण्यावर नकोच. शेवगा, वांगी, मांडवावरचा दोडका बरा.

नाल्यावर मोटर टाकून भाजी करणाऱ्यांचं दुखणं वेगळंच. तिथं जंत-जंतू, कारखान्याचे जड धातू हे आहेच, वर 'पाला दणकून, फळ नाही' ही तक्रार, कारण पाण्यातच नत्र असतं आणि वरून नेहमीचा डोस पडतो. लिटरला 30 मिलिग्रॅम नत्र धरलं तर 10 लाख लिटरमधून 30 किलो जातं, म्हणजे 45 किलोच्या गोणीनं जवळपास दीड गोणी युरिया. आधी पाणी तपासून घ्या आणि तेवढा युरिया कमी करा, आणि पाणी देताना गमबूट घाला, अनवाणी पाटात उतरू नका.