लॅक्रोस खेळणाऱ्या लेकीच्या आईबापांनी कसं वागावं

अमेरिकेत मेरीलंडमध्ये मुलींच्या क्लब लॅक्रोसच्या मॅचना मी सहा वर्षं स्कोअरच्या टेबलावर बसले. लॅक्रोस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने बॉल झेलत-फेकत गोल करायचा मैदानी खेळ. हे टेबल दोन्ही टीमच्या बाकांच्या मधोमध, मध्यरेषेला लागून असतं आणि प्रेक्षक मैदानाच्या पलीकडे. त्यामुळे मान वर केली की खेळणाऱ्या मुलींच्या मागे मला थेट आईबापांचे चेहरे दिसायचे. तिथून जे दिसलं आणि आमच्या घरात जे चुकलं, त्यावरून हे लिहितेय. इथल्या मराठी घरांतली मुलं आता हा खेळ खेळू लागली आहेत. स्टिक कुठली घ्यावी, क्लब कुठला चांगला हे सांगणारे पुष्कळ भेटतात. आपण स्वतः कसं वागायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

टेबलावरून सगळ्यात जास्त वेळा दिसलेली गोष्ट अशी. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या स्टिकमधून बॉल निसटतो. तिने लगेच खाली वाकून तो उचलायला हवा. पण ती आधी पलीकडे बघते, जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात समोरच्या टीमची मुलगी बॉल उचलून निघून गेलेली असते. आणि पलीकडे कुणीतरी कपाळाला हात लावलेला असतो. तसा एक हात आमच्याच घरातला होता.

म्हणून पहिलं काम म्हणजे हाताला आणि तोंडाला शिस्त लावणं. माझ्या नवऱ्याला मी मॅचचा व्हिडिओ काढायला लावलं, कारण पुढे कॉलेजच्या कोचना पाठवायला क्लिप लागतातच. पहिल्याच टूर्नामेंटनंतर लेक जेवणाच्या टेबलावर क्लिप कापायला बसली. आवाज चालू होता. तिच्या प्रत्येक धावेला तिच्या बाबाचा आवाज, ‘शूट! शूट कर!’ दोन क्लिप तिने तशाच बघितल्या आणि मग काही न बोलता आवाज बंद केला. पुढचा तासभर ती मुक्या मैदानावर स्वतःला खेळताना बघत होती. नवरा मागेच उभा होता. त्या दिवसानंतर तो मैदानावर ओरडला नाही. तुम्हीही एकदा मॅच रेकॉर्ड करा आणि घरी येऊन नुसता आवाज ऐका. ‘शूट’, ‘पास’, ‘धाव’ या सूचना कोचच्या सूचनांवर आदळतात, आणि मुलीला दोन्हीपैकी एकाला नाराज करावंच लागतं. टाळ्या वाजवा, चांगल्या खेळाला दाद द्या, समोरच्या टीमच्या मुलीने गोल वाचवला तरी द्या.

पंचांवर ओरडण्याआधी नियम वाचा. मुलींच्या लॅक्रोसमध्ये ‘शूटिंग स्पेस’ नावाचा फाउल आहे, आणि पालकांचा सगळ्यात मोठा गलका त्याच शिट्टीला होतो. अटॅकर गोलवर मारायच्या तयारीत आहे, आणि डिफेन्सची मुलगी स्वतःच्या खेळाडूला स्टिकच्या अंतरात न धरता मधल्या मोकळ्या वाटेत नुसतीच उभी आहे, तर शिट्टी होते. कुणाला धक्का लागलेला नसतो, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला वाटतं पंच चुकला. पण गोलकीपर सोडली तर या मुली हेल्मेट घालत नाहीत, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडात माउथगार्ड एवढंच. कडक रबराचा बॉल जोरात येत असताना ती वाट मोकळी ठेवणं हा जिवाचा प्रश्न आहे. आणि लहान गटात शिट्टी वाजवणारा कित्येकदा हायस्कूलचाच पोरगा किंवा पोरगी असते. आपल्या मुलीपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. तिच्यावर ओरडताना हे डोळ्यांसमोर असू द्या. मुलींच्या युथ लॅक्रोसमध्ये पालकांतल्याच एकाला साइडलाइन मॅनेजर नेमतात. ते काम स्वतःहून मागून घ्या. दुसऱ्यांना शांत करायची जबाबदारी आली की आपण आपोआप शांत होतो.

आता रिक्रूटिंग, म्हणजे कॉलेजच्या टीमसाठी कोचनी खेळाडू निवडणं. याचं कॅलेंडर तोंडपाठ करा, म्हणजे निम्मी घालमेल कमी होईल. पूर्वी आठवी-नववीतल्या मुलामुलींना कॉलेजचे कोच तोंडी जागा देऊन मोकळे व्हायचे. २०१७ च्या एप्रिलमध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, ते बंद केलं. आता डिव्हिजन वनचा, म्हणजे सगळ्यात वरच्या गटातल्या कॉलेजचा, कोच मुलगी अकरावीत, म्हणजे इथल्या भाषेत ज्युनियर इयरला जाते त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी भरतीबद्दल बोलू शकत नाही. त्याआधी कोच माहितीचा फॉर्म, कॅम्पचं पत्रक असले सर्वसाधारण कागदच पाठवू शकतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण नववीत कॅम्पची ईमेल आली की घरात पेढे वाटावेसे वाटतात. ती ईमेल कोचच्या यादीतल्या प्रत्येक मुलीला गेलेली असते. कॅम्प ही कॉलेजची कमाई असते. मुलीला ते कॉलेज खरंच बघायचं असेल तरच पैसे भरा. डिव्हिजन थ्रीला १ सप्टेंबरची ही तारीख लागू नाही, तिथले कोच आधी बोलू शकतात. आणि तोंडी कमिटमेंट कुणालाच बांधत नाही, ना कॉलेजला ना मुलीला. खरा कागद बारावीत हातात येतो.

१ सप्टेंबरच्या आदल्या रात्री लॅक्रोसच्या घरांत कुणी झोपत नाही. बारा वाजले की कोचना परवानगी मिळते आणि मेसेज सुटतात. आमच्याकडे लेकीचा फोन किचनच्या ओट्यावर होता, चार्जरला लावलेला. आम्ही तिघं टेबलाशी. बारा वाजून दोन मिनिटांनी तो थरथरला. टीमचा ग्रुप होता, एका मैत्रिणीला मेसेज आला होता. मग दुसरीला. साडेबारापर्यंत ग्रुपवर नुसते हार्ट उडत होते आणि लेक प्रत्येकीला मनापासून अभिनंदन लिहीत होती. आमच्यासाठी काही आलं नाही. एक वाजता ती म्हणाली, ‘आई, मी झोपू का?’ तिने परवानगी मागितली, आणि मला पोटात कालवल्यासारखं झालं. ती आमच्यासाठी जागी होती.

त्या रात्री काय करावं ते आता सांगते. जागू नका. आधीच्या आठवड्यात मुलीला शांतपणे समजवा की मध्यरात्री मेसेज जातात ते प्रत्येक कोचच्या यादीतल्या वरच्या काही नावांना. बाकीच्या जागा पुढचे कितीतरी महिने भरत राहतात, काही तर बारावीत. आणि दुसऱ्या दिवशी शाळा आहे.

पाचव्या दिवशी एका कॉलेजच्या कोचचा फोन आला. लेकीने स्पीकरवर घेतला. कोच छान बोलली आणि मग म्हणाली, ‘तू लिहिलं होतंस की ड्रॉ घेणं तुला सगळ्यात जास्त आवडतं. त्याबद्दल सांग ना.’ लेक माझ्याकडे बघत राहिली. कारण ती ईमेल मी लिहिली होती. दहावीच्या उन्हाळ्यात एका रविवारी बसून, तिच्या नावाने, तेवीस कॉलेजांना. वाचणाऱ्याला आत्मविश्वास दिसावा म्हणून ते वाक्य मी घातलं होतं. लेकीने काहीतरी सांभाळून उत्तर दिलं. त्या कोचचा पुन्हा फोन आला नाही.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, ‘मला ड्रॉची भीती वाटते.’ ड्रॉला दोघींच्या स्टिक पाठीला पाठ लावून धरतात, मध्ये बॉल, आणि शिट्टी झाली की तो डोक्याच्या वर उडवायचा. त्या क्षणी मैदानावरच्या सगळ्या नजरा त्या दोघींवर असतात. नववीत एका फायनलमध्ये ती ओळीने पाच ड्रॉ हरली होती. मीच ते आकडे टेबलावर लिहिले होते. परतीच्या प्रवासात आम्ही दोघं नवरा-बायको तासभर कोचने काय करायला हवं होतं यावर बोललो. तिला बोलायला जागाच ठेवली नव्हती.

तर गाडीचा नियम: मॅचबद्दलचं पहिलं वाक्य मुलीचं. ती बोलली नाही तर त्या दिवशी मॅचवर बोलायचं नाही, घरी पोचल्यावरही नाही. हे पहिल्या महिन्यात फार जड जातं. I-९५ हायवेवर दोन तासांचा ट्रॅफिक आणि डोक्यात दहा सूचना. पण हळूहळू ती बोलायला लागते, आणि बोलते ते आपल्याला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच असतं.

आणि ईमेलचा नियम: लिहिणार ती. चार ओळी पुरतात. नाव, हायस्कूल संपायचं वर्ष, पोझिशन, शाळेचे मार्क, पुढच्या टूर्नामेंटचं वेळापत्रक आणि जर्सी नंबर, क्लिपची लिंक, आणि हेच कॉलेज का ते एका खऱ्या वाक्यात. व्याकरण चुकलं तरी चालेल. कोचला फोनवर तीच मुलगी भेटायला हवी जी ईमेलमध्ये होती. फोन चालू असताना तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. कॅम्पसवर गेलात तर प्रश्न तिला विचारू द्या. पैशांचे प्रश्न मात्र तुमचे, ते तुम्हीच स्पष्ट विचारा.

पैशांवर थोडं सरळ बोलते, कारण ‘इतकी वर्षं इतका खर्च केला, स्कॉलरशिप निघायला हवी’ हे वाक्य मी मैदानावर फार ऐकलं. वर्षानुवर्षं डिव्हिजन वनच्या महिला टीमला पूर्ण स्कॉलरशिप बाराच द्यायची मुभा होती आणि पुरुषांच्या टीमला १२.६. त्या तुकडे करून तीस, चाळीस खेळाडूंत वाटल्या जायच्या. २०२५ च्या जूनमध्ये कोर्टाने खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या दाव्यात मंजूर केलेल्या ‘हाउस’ तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ती मर्यादा राहिली नाही, त्याऐवजी टीममध्ये किती खेळाडू असावेत याची मर्यादा आली, महिलांना ३८ आणि पुरुषांना ४८. मुभा आली म्हणून पैसा आला असं नाही. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड, येलसारख्या आठ नामांकित कॉलेजांत, खेळासाठी स्कॉलरशिप नाही. डिव्हिजन थ्रीमध्येही नाही, तिथे मदत मिळते ती मार्कांवर किंवा घरच्या उत्पन्नावर. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्याला किती भरावे लागतील याचा अंदाज देणारा. टूर्नामेंटची हॉटेलं बुक करण्याआधी एक संध्याकाळ त्यावर घालवा. आणि क्लबच्या फीचा हिशेब मुलीसमोर कधीही काढू नका. तिने ते कर्ज मागितलेलं नाही.

आपल्या लोकांची एक खास अडचण आहे. आपण मेरिट लिस्टच्या देशातून आलो. कुणाची मुलगी कुठे लागली हे ऐकलं की आपल्या मनात लगेच नंबर लागतात, हिचा वर, आमचीचा खाली. इथे तशी लिस्टच नसते. कोचला त्या वर्षी दोन डिफेंडर आणि एक गोलकीपर हवी असेल, तर मिडफिल्डची उत्तम मुलगीही तिच्या कामाची नाही. नकार आला तर तो बहुतेकदा जागेचा असतो. शनिवारी भारतातून आजीचा फोन येतो, ‘झालं का गं कुठे?’ आजीला हे एकदाच नीट समजावून सांगा आणि तो प्रश्न मुलीपर्यंत पोचू देऊ नका.

शरीराकडे लक्ष ठेवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे की एकाच खेळात झोकून देणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं, आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी द्यावी आणि वर्षात एकूण तीन महिने त्या खेळापासून लांब राहावं. मुलींना एसीएलची, म्हणजे गुडघ्यातल्या एका मुख्य अस्थिबंधाची, दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. ‘कोच बघायला येणार आहेत’ म्हणून लंगडणाऱ्या मुलीला खेळवणारे आईबाप मी पाहिले आहेत. मुलगी स्वतःहून दुखणं सांगणार नाही, कारण तिला तुमचा उत्साह दिसतो. तुम्ही विचारा, आणि ‘आज बस’ हे तुम्ही म्हणा, म्हणजे ते ओझं तिच्यावर येणार नाही.

शेवटी कॉलेजची यादी करताना मुलीला एकच प्रश्न विचारा: पहिल्याच आठवड्यात पाय मोडला आणि पुन्हा कधी खेळता आलं नाही, तरी चार वर्षं इथे राहायला आवडेल? आम्ही हा प्रश्न तिला विचारला तेव्हा यादीत अकरा नावं होती. तिने कागद आणि पेन्सिल घेतली आणि जमिनीवर पोटावर पडून अर्धा तास विचार केला. मग नावं खोडायला लागली. पहिली काट मला सगळ्यात आवडलेल्या कॉलेजवर पडली. का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. पण पेन्सिल पुढच्या नावाकडे सरकली होती, आणि मी गप्प बसले.