येळ्ळूरच्या अंगणातून: युद्धकाळातल्या जीपचा पार्ट कसा शोधायचा

जांबोटी सोडून चोर्ला घाटाकडं निघालं की आमच्या जीपच्या पोटात घोंघावणं सुरू व्हायचं. गिअर कुठलाही टाका, आवाज तोच. ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटून देणारी पेटी, तिच्यातला मधला शाफ्ट गेला होता. ही जीप आज्जानं लढाईनंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे सैन्यानं विकायला काढलेल्या सामानात, घेतलेली. बेळगावजवळच्या येळ्ळूरला आमच्या अंगणात, राजहंसगडाकडं तोंड करून, ती माझ्या जन्माआधीपासून उभी आहे. त्या एका शाफ्टासाठी मी चौदा महिने हिंडलो. त्यातले सहा महिने वाया गेले, कारण आपली गाडी नेमकी कुठली हेच मला नीट माहीत नव्हतं.

आरसी बुकात ‘विलीज’ लिहिलेलं, म्हणून मी विलीजचा पार्ट मागत फिरत होतो. चासी घासून बघितली तर नंबराच्या आधी जीपीडब्ल्यू ही अक्षरं निघाली. म्हणजे गाडी फोर्डची. दुसऱ्या महायुद्धात एकाच नकाशावर दोन कंपन्यांनी जीप बांधल्या. विलीजनं साडेतीन लाखांहून जास्त काढल्या, त्या मॉडेलचं नाव एमबी; फोर्डनं पावणेतीन लाखांहून जास्त, त्यांचं जीपीडब्ल्यू. बहुतेक पार्ट एकमेकांत बसतात, पण तुमच्या गाडीचं घर, म्हणजे कंपनी, कुठली ते आधी ठरवा. फोर्डचा नंबर डाव्या चासी-पट्टीच्या वरच्या अंगाला, पुढं बॉनेटखाली ठोकलेला असतो. विलीजची छोटी पाटी डाव्या पट्टीच्या आतल्या बाजूला, बंपरमागं रिव्हेटनं बसवलेली असते. रेडिएटरच्या खालची आडवी दांडी गोल नळीची असेल तर विलीज, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. फोर्डनं आपल्या पार्टांवर, बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा, ‘एफ’ अक्षर उठवलं होतं. जाळीला नऊ खाचा असतील तर गाडी लढाईतली, सात असतील तर नंतरची सिव्हिल सीजे.

नंबर काढताना ग्राइंडर लावू नका. रॉकेल, तारेचा ब्रश आणि संयम एवढंच. नंबर खोडला गेला तर आरटीओत उत्तर देता देता जीव जातो.

घर कळलं की पार्ट नंबर काढा. अमेरिकन सैन्याची या गाडीची पार्टांची यादी जी-५०३ नावानं आहे आणि दुरुस्तीचं पुस्तक टीएम ९-८०३. दोन्ही इंटरनेटवर मिळतात. मी ती खडे बाजारात छापून घेतली, प्लॅस्टिक घातलं आणि गाडीत ठेवली. विलीजचे बरेच नंबर ‘ए’ अक्षरानं सुरू होतात, फोर्डचे जीपीडब्ल्यूनं. फोर्डच्या नंबरांची एक सोय आहे. १००० च्या घरात चाकं, २००० मध्ये ब्रेक, ३००० मध्ये पुढचा ॲक्सल आणि स्टिअरिंग, ४००० मध्ये मागचा ॲक्सल, ६००० मध्ये इंजिन, ७००० मध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर. गंजलेल्या तुकड्यावर एवढा आकडा वाचता आला तरी तो गाडीच्या कुठल्या भागातला ते कळतं.

आता शाफ्टाकडं येतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात.

या जीपची ट्रान्सफर केस स्पायसर १८ जातीची. तीच जात पुढं सीजे गाड्यांत आणि आपल्या महिंद्राच्या सीजे-३बी मध्येही चालू राहिली. त्यामुळं दुकानदार छातीठोक सांगतो, “जीपचाच आहे, बसतोय घ्या.” बसत नाही. लढाईतल्या गाडीचा मधला शाफ्ट पाऊण इंचाचा, म्हणजे १९.०५ मिलिमीटर. नंतर तो १⅛ इंच झाला आणि त्याच्याही नंतर १¼ इंच. बाहेरून केस सारखीच दिसते. मी निपाणीजवळच्या एका तंबाखूच्या वखारीत पडलेली केस अख्खी उचलून आणली, धुतली, मागची लॉक प्लेट काढली, तर आत १⅛ चा शाफ्ट. तिथंच व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, लावला असता तर जाण्या-येण्याचं पेट्रोल आणि दिलेले पैसे दोन्ही वाचले असते. लॉक प्लेटचा एक बोल्ट काढला की शाफ्टाचं टोक दिसतं. पैसे देण्याआधी ते मोजा.

तसंच ॲक्सलच्या मधोमध असलेल्या डिफरन्शियलचं. लढाईतल्या गाडीला ८ दातांचं छोटं पिनियन आणि ३९ दातांचा मोठा क्राऊन अशी जोडी, म्हणजे साधारण ४.८८. सीजे-३बी ला ८ आणि ४३, म्हणजे ५.३८. मागचा ॲक्सल मोडला म्हणून महिंद्राचा घातला आणि पुढचा जुनाच ठेवला, तर फोर व्हील टाकल्याबरोबर दोन्ही एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस फुटू शकते. गुजरीत पडलेला ॲक्सल न खोलता ओळखायचा असेल तर दोन्ही चाकं, नाहीतर हब, एका माणसाकडून एकाच दिशेनं बरोबर एक फेरा फिरवून घ्या आणि तुम्ही पिनियनच्या तोंडाचे फेरे मोजा. पाचाला थोडे कमी पडले तर तुमचा, पाचाच्या वर तिसरा हिस्सा गेला तर महिंद्राचा. तोंडावर खडूनं खूण करा, नुसत्या नजरेवर जाऊ नका. गिअरबॉक्सही वेगळा आहे. जुन्याला टी-८४, सीजेला टी-९०. टी-९० दणकट आहे हे खरं, पण तो सरळ बसत नाही, पुढची जोडणी बदलावी लागते. अगदीच नाइलाज असेल तर करा.

आता शोधायचं कुठं? बेळगावात आपण भंगारबाजाराला गुजरी म्हणतो. कोल्हापूरच्या पोरांना मी पहिल्यांदा ‘गुजरीत जीपचा हब बघायचाय’ म्हटलं, तर त्यांनी मला सोन्याच्या दुकानांत नेऊन उभं केलं. तिथली गुजरी म्हणजे सराफ कट्टा! लांबच्या बाजारांपैकी पुण्याचा जुना बाजार बुधवार-रविवारचा. बंगळूरचा जेसी रोड नव्या-जुन्या सुट्या भागांसाठी चांगला. पंजाब-हरियाणाच्या हद्दीवरच्या डबवालीत जीपा बांधण्याचा धंदाच आहे, पण तिथं मिसळलेल्या गाड्या फार, नंबर तपासल्याशिवाय पैसे पाठवू नका. सैन्याची जुनी वाहनं आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन लिलावात निघतात. त्यात लढाईतली जीप सापडेल ही आशा धरू नका.

माझा खरा शोध मात्र खेड्यांत लागला. चंदगड, खानापूर, हुक्केरीच्या पट्ट्यात घरटी सैनिक आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं निवृत्त होऊन लोक याच भागात स्थिरावले. सैन्यात ड्रायव्हर किंवा मेकॅनिक असलेले म्हातारे शोधा. त्यांच्याकडं पार्ट नसतो, पण कुणाच्या गोठ्यामागं काय पडलंय ते त्यांना ठाऊक असतं. खानापूर तालुक्यातल्या एका सुभेदार काकांनी मला चहा पाजला, मी आणलेला झिजलेला शाफ्ट हातात घेतला, अंगठ्यानं त्यावरची खाच चाचपली आणि म्हणाले, “बाळ, दुकानात काय बघूलायस? उसाच्या ट्रॉल्यांखाली बघ. जुन्या जीपचे ॲक्सल आमच्या लोकांनी तिथं घातल्यात.” खरंच, शाफ्ट नाही, पण तिसऱ्या गावात एका ट्रॉलीखाली ३९ दातांचा क्राऊन मिळाला. मालकाला दुसरा चांगला ॲक्सल बसवून दिला, तेव्हाच त्यानं तो सोडला. पैशांपेक्षा बदली वस्तू दिली की माणूस लवकर राजी होतो.

खेड्यात जाताना मोडलेला पार्ट बरोबर असू द्या. फोटोवरून कुणी ओळखत नाही, हातात लोखंड आलं की ओळखतात. कानडी गावात नीट कानडीत विचारा, येत नसेल तर येणारा माणूस बरोबर घ्या. घाईत असल्याचं दाखवू नका.

बेअरिंगसाठी एवढं हिंडायची गरजच नाही. ‘जीपचं बेअरिंग’ मागू नका, रिंगवर कोरलेला आकडा मागा. चाकाच्या टिमकेन बेअरिंगचा कोन १८५९० आणि कप १८५२०, कुठल्याही बऱ्या बेअरिंगच्या दुकानात मिळतो. ऑइल सील मापावर घ्या: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, ते चुकून सरळ समजून पान्ह्यावर उभं राहिलात तर स्टड तुटतो. वायरिंगचं सामान, बल्ब, कॉइल घेताना मूळ गाडी ६ व्होल्टची आहे हे दुकानदाराला आधी सांगा.

मिळतच नसेल तर बनवा, आणि या बाबतीत आपण नशीबवान आहोत. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथ, ग्राइंडिंग, ओतकाम सगळं हाकेच्या अंतरावर, आणि पलीकडं कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव. बिडाचा ब्रॅकेट, पाण्याच्या पंपाची बॉडी, कव्हर असलं काहीही ओतून मिळतं. जुना पार्टच साचा म्हणून वाळूत दाबू नका. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा लागतो आणि जिथं मशीनिंग होणार तिथं तीनेक मिलिमीटर जास्तीचं लोखंड. स्टिअरिंगचा हात, ॲक्सल, ब्रेकचा कुठलाही भाग ओतून घेऊ नका. स्टिअरिंगचा हात आणि ॲक्सलचा शाफ्ट तर घडवलेल्या पोलादाचेच हवेत. घाटात तो तुकडा तुटला तर मागं बसलेल्या माणसांचं काय होईल याचा विचार करा.

माझा शाफ्ट शेवटी असाच झाला. पहिला मी साध्या ईएन-८ पोलादाच्या सळीतून फिरवून घेतला, न कडक करता. दिसायला देखणा होता, आठ महिन्यांत त्यावर सुया फिरून फिरून खाचा पडल्या आणि आवाज परत आला. त्या शाफ्टावर नीडल बेअरिंग चालतं, वरचा थर कडक नसेल तर तो टिकत नाही. दुसऱ्या वेळी २०एमएनसीआर५ पोलाद घेतलं, केस हार्डनिंग, म्हणजे वरचा थर कडक करून घेतलं, मग सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर १९.०५ ला आणलं. लेथवाल्या मेस्त्रींनी आधी जास्तीचं माप ठेवायला सांगितलं होतं, कारण कडक करताना शाफ्ट किंचित वाकतो. त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो.

कागदाचीही एक गोष्ट. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केले असतील तर ती मिळत नाही. म्हणून डिझेल इंजिन घालायचा मोह झाला तर आधी हे वाचा.

माझा पहिला झिजलेला शाफ्ट, ईएन-८ चा खाचा पडलेला आणि वखारीतला १⅛ वाला, तिन्ही मी तेल लावून, चिठ्ठ्या बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवलेत. कुणाला मापं ताडून बघायची असली तर येळ्ळूरला या, डबा ओसरीवरच आहे.