मुलांना सोबत घेऊन शेतात रोडगे कसे करावे

आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. घरी येणारे पाहुणे म्हणून दोन प्रश्न हमखास विचारतात: परीक्षेचं काय, आणि ही दिवसभर करतात काय? पहिल्याचं उत्तर सोपं. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा घेतं, आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून वयाची 14 वर्षं झाली की दहावीला बसता येतं. दुसऱ्याचं उत्तर मी तोंडी देत नाही. थंडीचे दिवस असले तर पाहुण्यांना सरळ शेतात नेते आणि रोडगे, म्हणजे निखाऱ्यांवर आणि गरम राखेत भाजायचे कणकेचे थरदार गोळे, करायला बसवते.

आधी एक स्पष्ट सांगते. सुट्टीतल्या स्वयंपाकाचा ‘गणिताचा तास’ करा, हा सल्ला घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला कुणी ना कुणी देतंच. कणकेत हात बुडालेल्या पोराला ‘पाऊण म्हणजे किती’ विचारून बघा. तो कणीकही सोडेल आणि गणितही. गणित आदल्या रात्री करा, लिहिणं दुसऱ्या दिवशी करा. जगऱ्याजवळ, म्हणजे रोडगे भाजायच्या गोवऱ्यांच्या आगीजवळ, मात्र फक्त जगरा. हे पाळायचं नसेल तर त्यापेक्षा घरी पोळ्या करा.

दिवस आणि जागा

डिसेंबर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा. तेव्हा वांगी कोवळी असतात, हरभरा घाट्यावर आलेला असतो आणि आगीपाशी बसावंसं वाटतं. जागा आपल्याच शेतातली, रिकामी, नांगरलेली. उभी तूर, कडब्याची गंजी, पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळल्या काड्यांचा) ढीग वाऱ्याच्या दिशेला नको. सहल म्हणून जंगलात जाऊन जगरा लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. राखीव जंगलात आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, 1927 नुसार गुन्हा आहे, आणि 15 फेब्रुवारीनंतर तर वनखात्याचा वणव्याचा हंगामच सुरू होतो.

आदल्या रात्री

गहू जाडसर दळून आणा, हाताला रवाळ लागला पाहिजे. एक किलो पिठाला दीडशे मिली तेलाचं कडकडीत मोहन, दोन चमचे ओवा, मीठ, थोडी हळद. पाणी साधारण साडेचारशे मिली जातं, पण सगळं एकदम ओतू नका. याचा गोळा दीड किलोच्या थोडा वर भरतो आणि त्यात टेनिसच्या चेंडूएवढे दहा रोडगे होतात. माणसं किती, प्रत्येकी किती, पीठ किती, हे मुलांनाच काढू द्या. चुकलं तर चुकू द्या. दुसऱ्या दिवशी पंगतीत कमी पडलं की हिशेब आपोआप तपासला जातो.

मुलं दहा-अकराच्या पुढची असतील तर याच रात्री एक प्रश्न टाका: रोडगा व्यासाला दुप्पट केला तर पीठ किती लागेल? बहुतेक मुलं दुप्पट म्हणतात. आठपट लागतं. आणि आच ज्यातून आत शिरते ते बाहेरचं साल मात्र चौपटच होतं. मोठे रोडगे आतून कच्चे का राहतात, ते एवढ्यात समजतं. पंगतीसमोर मिरवायला भलेमोठे रोडगे वळणाऱ्या काकांना हे समजावण्यात मात्र अर्थ नाही.

थर

कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट. एका रोडग्याला चार पुऱ्या लाटा, चढत्या आकाराच्या. सगळ्यात लहानीला तेल लावून तिचा गोळा करा, तो पुढच्या पुरीत बंद करा, तो त्याच्या पुढच्या. प्रत्येक थराला तेलाचा हात. हे काम सात-आठ वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा नीट करतात. तोंड घट्ट मिटलं नाही तर राख आत जाते, तेवढं तपासा.

जगरा

सगळ्यात जास्त रोडगे वाया जातात ते इथे. मलाही ही नजर यायला बरेच हिवाळे जावे लागले, कारण जो तो वेगळं सांगतो आणि ठामपणे सांगतो.

गोवऱ्यांपासून सुरुवात. उन्हाळ्यात थापलेल्या, खडखडीत वाळलेल्या हव्यात. मोडून पाहा: कट्कन तुटली तर घ्या, वाकली किंवा भुगा होऊन चिकटली तर बाजूला ठेवा. रचलेल्या थप्पीतल्या तळच्या गोवऱ्या जमिनीची ओल धरतात, त्या घेऊच नका. दहा रोडग्यांना वीस-पंचवीस मध्यम गोवऱ्या लागतात. पेटवायला कापूर आणि मूठभर तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, पुरतात. रॉकेल टाकू नका, त्याचा वास रोडग्यात उतरतो आणि लेकरं जवळ असताना तो भडकाही नको. पऱ्हाट्या पेटवणीला ठीक, पण नुसत्या पऱ्हाट्यांचा जगरा होत नाही. भसकन जळतात आणि मागे निखारा उरत नाही.

गोवऱ्या आडव्या रचू नका. एकमेकींना टेकवून उभ्या करा, मध्ये पोकळी ठेवा. आडव्या रचल्या की बाहेरच्या जळतात आणि आतल्या तासभर धुमसत बसतात. त्या धुरात भाजलेला रोडगा तोंडात घालवत नाही.

आता थांबणं. पेटल्यावर पाऊण तास तरी जगऱ्याकडे रोडगे घेऊन जायचं नाही. ज्वाळा बसल्या, खाली लालभडक दिसतंय, पोरं भुकेनं कावलीत, पाहुणे घड्याळ बघतायत, आणि एखादा अनुभवी म्हणतो, “टाका आता!” टाकू नका. माझ्या सासूबाई म्हणत, “लाल हाय म्हून भुलू नोको, पांढरा होऊ दे आधी.” रोडग्यांवर याहून कामाचं वाक्य मी ऐकलेलं नाही. लालभडक जगऱ्यात रोडगा बाहेरून दहा मिनिटांत कोळसा होतो आणि आत ओली कणीक तशीच राहते.

पांढरा म्हणजे कसा? धूर पूर्ण थांबलेला. ज्वाळ एकही नाही. गोवरीचा आकार तसाच, पण वरून राखेची साय, आणि फुंकर मारली की खालून लाल झळकतं. मग लांब काठीनं गोवऱ्या मोडून निखारे सारखे पसरा. वीतभर वर तळहात धरा आणि मोजा. एक म्हणताच हात मागे घ्यावा लागला तर अजून थांबा. तीन-चारपर्यंत धरवला तर रोडगे ठेवा. सात-आठपर्यंत आरामात धरवत असेल तर उशीर झालाय, चार गोवऱ्या बाजूला पेटवून त्यांचे निखारे आणून मिसळा. हाताची ही परीक्षा मोठ्यांनीच करायची.

रोडगे निखाऱ्यांवर सुटे सुटे ठेवा आणि फिरवत राहा. पंचवीसेक मिनिटांत सगळ्या बाजूंनी कडक, तपकिरी कवच आलं पाहिजे. कवच येण्याआधी राखेत पुरू नका, ओली कणीक राख ओढून घेते. कवच आलं की गरम राख आणि निखारे वर ओढून रोडगे झाका आणि अर्धा-पाऊण तास विसरून जा. राखेतून उष्णता हळू जाते, म्हणून आतला थर न करपता शिजतो. दर पाच मिनिटांनी उकरून बघणाऱ्याला वांगी चिरायला बसवा.

फॉइल गुंडाळा, असंही हल्ली कुणीतरी सांगतंच. गुंडाळू नका. वाफ कोंडते, कवच धरत नाही, आणि हातात येतो तो उकडलेला गोळा. ओव्हनमध्ये करायचे तर घरी करा, पण मग त्याला रोडगे म्हणू नका.

मुलांविषयी तीन गोष्टी, आणि यात मी कुणाचं ऐकत नाही. पहिली, कपडे सुती. नायलॉनचा फ्रॉक, लोंबणारी ओढणी नाही. दुसरी, जगऱ्याभोवती सहा फुटांवर काठीनं रेघ ओढा. दहाच्या आतलं मूल रेघेच्या आत येणार नाही, मोठ्यांनी लांब चिमट्यानं रोडगे फिरवावेत. तिसरी, पायात चप्पल सगळ्यांच्या, शेवटपर्यंत. खरा धोका ज्वाळेचा नसतो, कारण ज्वाळ दिसते. जेवण झाल्यावर राख विझलेली वाटते, पोरं अनवाणी पळापळ करतात आणि खाली निखारे जिवंत असतात. पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असू द्या. भाजलंच तर तो भाग वीस मिनिटं साध्या पाण्याखाली धरा. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नका.

धाकट्यांना रेघेबाहेर बसवून ठेवायचं तर त्यांना पानगे द्या. तीच कणीक, चपटी थापायची, दोन पळसाच्या पानांमध्ये ठेवायची, आणि मोठ्यांनी ती जगऱ्याच्या कडेला सरकवायची. लवकर होतात, म्हणजे भुकेची रडारडही थांबते. पानं मात्र त्यांनीच शोधून आणावीत. तीन पानांची डहाळी ओळखता आली की पळस जन्मभर चुकत नाही.

काढणं आणि जेवण

टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. खात्रीला एक फोडा. जाड कापडात घालून घोळवा, राख झडते. मग कुस्करून वर तूप, सोबत तुरीचं वरण आणि तर्रीदार वांग्याची भाजी. भाजी आणि वरण कसं करायचं ते तुम्हाला येतंच.

दुसऱ्या दिवशी

आता वही. मोठ्यांनी जगऱ्याची वेळ लिहावी: कधी पेटवला, कधी पांढरा झाला, वारा कुठून होता, किती रोडगे कच्चे निघाले. धाकट्यांनी घर ते शेत रस्त्याचं चित्र काढावं, वाटेतल्या पिकांसकट. एक पान पुरे.

आणि जमलं तर मुलांना एकदा बहिरमच्या यात्रेला न्या. अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा 20 डिसेंबरच्या सुमारास सुरू होते आणि महिनाभराहून जास्त चालते. लोक तिथल्या हंडीतल्या मटणासाठी जातात. तुम्ही मुलांना रोडगे भाजणाऱ्यांजवळ उभं करा आणि कोण कधी रोडगे टाकतं तेवढंच बघायला सांगा. नकाशा सोबत घ्या, मध्य प्रदेशाची हद्द तिथून जवळच आहे.

शेवटचं, रोडग्यांच्या दिवशी शेतातून निघतानाचं: जगऱ्यावर पाणी ओता, काठीनं ढवळा, पुन्हा ओता. वाफ यायची थांबली की वर माती टाका. उरलेले रोडगे फडक्यात बांधून घरी न्या. सकाळी कुस्करून कांदा-मिरचीची फोडणी दिली की न्याहारी होते, आणि दूध-गूळ घालून हवे असतील तर फोडणीआधी थोडे बाजूला काढा.