ब्लूटूथवरून इंटरनेट घेताना घरातला पल्ला कसा ठरवावा

कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरात किंवा शहरी इमारतीच्या तळमजल्यावर मोबाईलची रेंज अनेकदा एखाद्याच खिडकीपाशी मिळते आणि संगणक मात्र आतल्या खोलीत असतो. अशा वेळी फोन खिडकीत ठेवून त्याचे इंटरनेट ब्लूटूथवरून संगणकाला द्यावे, हा विचार वाजवी आहे. ब्लूटूथला वायफाय हॉटस्पॉटपेक्षा बॅटरी बरीच कमी लागते आणि वाय-फाय नसलेल्या जुन्या संगणकालाही स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलवर, म्हणजे यूएसबी पोर्टमध्ये लावायच्या छोट्या उपकरणावर, ही सोय करता येते. फोन आणि संगणक यांच्यात नेमके किती अंतर चालेल, हे मात्र खोक्यावरचा आकडा वाचून कळत नाही. ते आपल्या घरात तपासूनच ठरवावे लागते.

सर्वत्र सांगितला जाणारा १० मीटरचा आकडा आला आहे तो ब्लूटूथ उपकरणांच्या शक्तीनुसार केलेल्या वर्गवारीतून. दुसऱ्या वर्गाचे उपकरण जास्तीत जास्त २.५ मिलिवॉट शक्तीने प्रक्षेपण करते आणि त्याचा पल्ला साधारण १० मीटर धरला जातो. पहिल्या वर्गाला १०० मिलिवॉटपर्यंत मुभा असते आणि त्याचा पल्ला १०० मीटरपर्यंत सांगितला जातो. दोन्ही आकडे मधे काहीही अडथळा नसलेल्या मोकळ्या जागेसाठी आहेत. शिवाय इंटरनेटसाठी माहिती दोन्ही दिशांनी जावी लागते, त्यामुळे जोडीतले दुबळे उपकरण जिथवर पोचेल तिथवरच जोडणी टिकते. फोन साधाच, दुसऱ्या वर्गाचा असेल, तर संगणकाला १०० मीटरचा डोंगल लावून १०० मीटर मिळत नाहीत, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. ब्लूटूथ ५ मध्ये चौपट पल्ला असल्याची जाहिरातही इथे उपयोगाची नाही, कारण ती सुधारणा कमी ऊर्जेच्या ‘लो एनर्जी’ प्रकारातली आहे आणि इंटरनेट वाटप अजूनही जुन्या, ‘क्लासिक’ ब्लूटूथवरूनच चालते.

अंतरापेक्षा भिंतींचा हिशेब आधी करावा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता एक चतुर्थांशावर, म्हणजे ६ डेसिबलने खाली येते. याचाच दुसरा अर्थ असा की एखाद्या भिंतीने ६ डेसिबल शोषले तर पल्ला निम्मा होतो, आणि तशा दोन भिंती आल्या तर पाव उरतो. लाकडी दार किंवा पातळ पार्टिशन फारसे आड येत नाही. विटांची भिंत थोडे शोषते, जाड दगडी भिंत त्याहून बरेच जास्त. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत तर आणखी अडवते, कारण पाणी ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेते. सळया घातलेली काँक्रीटची भिंत आणि स्लॅब हे सर्वांत अवघड अडथळे असतात. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी या वस्तू नकाशावर कोणी दाखवत नाही, पण नेमक्या मधल्या रेषेत आल्या तर त्या भिंतीइतकाच त्रास देतात. माणसाचे शरीरही मुख्यतः पाण्याचेच असल्यामुळे फोन खिशात ठेवून संगणकाकडे पाठ केली, तरी वेग खाली येतो.

जोडणी प्रथमच करताना फोन आणि संगणक एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर ठेवावेत. दोन्हींवर ब्लूटूथ सुरू करून पेअरिंग, म्हणजे दोघांची एकमेकांशी ओळख, करावे आणि दोन्ही पडद्यांवर दिसणारा अंक एकच असल्याची खात्री करून मान्यता द्यावी. त्यानंतर अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग या भागात जाऊन ब्लूटूथ टेदरिंग, म्हणजे फोनचे इंटरनेट ब्लूटूथवरून वाटणे, सुरू करावे. नुसत्या पेअरिंगने इंटरनेट येत नाही, आणि बहुतेक जण इथेच अडतात. विंडोज संगणकावर ब्लूटूथ उपकरणांच्या यादीतून पर्सनल एरिया नेटवर्कला जोडण्याचा पर्याय उघडून आपला फोन निवडावा आणि जोडणीचा प्रकार म्हणून ॲक्सेस पॉइंट घ्यावा. आवृत्तीनुसार या पर्यायाची जागा बदलते, नाव साधारण तेच राहते. इंटरनेट घेणारे उपकरण दुसरा अँड्रॉइड फोन किंवा टॅबलेट असेल, तर त्याच्या ब्लूटूथ यादीत पहिल्या फोनच्या नावापुढील खुणेवर बोट ठेवून इंटरनेट वापरण्याची परवानगी चालू करावी.

आता पल्ला मोजायचा. त्यासाठी संगणकाचे वाय-फाय बंद ठेवावे, नाहीतर इंटरनेट कोणत्या वाटेने येत आहे हेच कळणार नाही. सुरुवातीला फोन जिथे ठेवायचा आहे तिथेच, फक्त फोनवर, मोबाईल डेटाचा वेग तपासून घ्यावा. तो मुळातच कमी असेल तर ब्लूटूथला दोष देण्यात अर्थ नाही. मग लॅपटॉप फोनशेजारी ठेवून वेग पाहावा आणि एकेक खोली मागे सरकत तोच प्रयोग करावा. लॅपटॉप नसेल, तर संगणक जागेवर ठेवून फोन हलवावा. वेगाच्या आकड्यापेक्षा अधिक नेमकी खूण हवी असेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या चौकटीत, आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा देऊन डिफॉल्ट गेटवेचा पत्ता शोधावा आणि त्या पत्त्याला पिंग (ping) करत, म्हणजे छोटे संदेश पाठवून त्यांची उत्तरे येतात का ते पाहत, राहावे. हा पत्ता म्हणजे आपला फोनच. फोनकडून उत्तरे वेळेवर येत असतील आणि तरीही संकेतस्थळे उघडत नसतील, तर अडचण मोबाईलच्या रेंजमध्ये आहे. फोनचीच उत्तरे उशिरा येऊ लागली किंवा गळू लागली, तर आपण ब्लूटूथच्या हद्दीवर पोचलो आहोत.

ही हद्द एका पावलावर संपत नाही. लहरी क्षीण झाल्या की चुकलेली पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पुन्हा पाठवली जातात आणि उपकरणे अधिक सावकाश पण खात्रीच्या पद्धतीवर उतरतात, म्हणून जोडणी तुटण्याच्या बऱ्याच आधी वेग मंदावतो. उलटपक्षी, जोडणी प्रत्यक्षात तुटल्यावरही संगणक काही काळ ‘जोडलेले आहे’ असेच दाखवू शकतो. मूळ मानकात ही वाट पाहण्याची मुदत २० सेकंद ठेवलेली आहे. त्यामुळे प्रत्येक जागी पोचल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच निकाल धरावा. जिथे पहिल्यांदा उत्तरे गळताना दिसतील, त्याच्या एक खोली अलीकडे कामाची जागा ठरवलेली बरी, कारण दार बंद होणे किंवा कोणी मधे येऊन बसणे हे रोजचेच असते.

पल्ला अचानक कमी झाल्यासारखा वाटला तर आसपासच्या उपकरणांकडे पाहावे. ब्लूटूथ, २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सगळे एकाच लहरपट्ट्यात काम करतात. क्लासिक ब्लूटूथ ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० उड्या मारत गर्दीच्या वाहिन्या टाळते, तरी पट्टाच भरला की मोकळ्या वाहिन्या थोड्या उरतात. घरात राउटर असेल तर त्यावरची उपकरणे शक्य तितकी ५ गिगाहर्ट्झवर न्यावीत. यूएसबी ३ जातीची हार्ड डिस्क आणि तिची वायरही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निर्माण करतात. तिच्या शेजारच्या पोर्टमध्ये डोंगल लावला असेल तर तो आधी हलवावा. फोनला त्याच वेळी ब्लूटूथ इअरफोन जोडून गाणी ऐकली, तर एकाच रेडिओचा वेळ दोन कामांत वाटला जातो आणि दोन्ही कामे अडखळतात.

फोनच्या जागेची निवड हा खरा तडजोडीचा भाग आहे. खिडकीच्या गजांना टेकवलेला फोन मोबाईलची रेंज उत्तम पकडेल, पण तिथून संगणकापर्यंत दोन दगडी भिंती आडव्या येत असतील, तर त्याच खिडकीच्या आत, दाराच्या सरळ रेषेत, टेबलाच्या किंवा फळीच्या उंचीवर ठेवलेला फोन एकंदरीत चांगला ठरतो. दारे एका ओळीत असलेल्या घरांत हा फरक लगेच जाणवतो. डेस्कटॉपच्या मागच्या बाजूला लावलेला डोंगल पत्र्याच्या पेटीआड आणि भिंतीच्या कुशीत दडतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेंशन वायर लावून तो टेबलावर आणावा. माझ्या मते महागडा डोंगल घेण्याआधी करून पाहावा असा हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

जागा साधली तरी वेगाची मर्यादा राहतेच. क्लासिक ब्लूटूथचा नाममात्र वेग सेकंदाला ३ मेगाबिट असला, तरी प्रत्यक्ष माहितीसाठी जास्तीत जास्त २.१ मेगाबिटच्या आसपासच मिळतो, आणि एक-दोन भिंतींपलीकडे त्याहूनही कमी. या हिशेबाने १०० मेगाबाइटची फाईल उतरायला उत्तम स्थितीतही सहा मिनिटांहून अधिक लागतात. ईमेल, संदेश, सरकारी अर्ज भरणे, बँकेचे व्यवहार एवढ्यासाठी हे पुरते; व्हिडिओ कॉल आणि विंडोजची अद्ययावते यांसाठी पुरत नाही. म्हणून विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये या जोडणीला मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायची जोडणी, म्हणून नोंदवावे, म्हणजे अनेक मोठी अद्ययावते पाठीमागून सुरू होत नाहीत. एकाच फोनवरून दोन-तीन उपकरणे जोडता येत असली, तरी हाच तुटपुंजा वेग त्यांच्यात वाटला जाईल.

मुलांचा ऑनलाईन वर्ग किंवा कार्यालयाची बैठक असेल तेवढ्या वेळेपुरता फोन चार्जरला लावून वाय-फाय हॉटस्पॉट सुरू करावा. तो ब्लूटूथपेक्षा अधिक शक्तीने प्रक्षेपण करतो आणि वेग कित्येक पटींनी जास्त देतो. जाड भिंतींच्या घरात हॉटस्पॉटसाठी ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा, कारण तो भिंतींतून तुलनेने अधिक आत पोचतो. संगणक खिडकीपासून फार लांब नसेल तर यूएसबी टेदरिंग या दोन्हींपेक्षा भरवशाचे असते आणि त्यात फोन चार्जही होत राहतो. मात्र साधी यूएसबी २ वायर ५ मीटरपर्यंतच मानकात बसते. त्यापुढे जायचे असल्यास आत सर्किट असलेली ॲक्टिव्ह एक्स्टेंशन वायर मागून घ्यावी.