लिबरऑफिस सोर्सपासून बिल्ड करताय? या चुका टाळा

लिबरऑफिस हे ऑफिसचं मोफत सॉफ्टवेअर त्याच्या मूळ कोडपासून स्वतः तयार करायचं (म्हणजे बिल्ड करायचं) तर 'मेक' ही कमांड चालवावी लागते. काही बिघडलं की टर्मिनलवर शेवटी 'मेक, एरर 2' अशी ओळ येते आणि लोक नेमकी तीच कॉपी करून ग्रुपवर टाकतात, कुणीतरी मदत करा म्हणून. त्या ओळीवरून कुणालाच काही सांगता येत नाही हो. मेक एका वेळी चार-आठ फाइल्स कंपाइल करत (कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करत) असतं, त्यामुळे एक फेल झाली तरी बाकीच्या चालू असलेल्या संपेपर्यंत स्क्रीन पुढे सरकत राहते आणि खरी एरर कुठंतरी वर निघून जाते. सगळं आउटपुट एका फाइलमध्ये घ्या, वरून खाली 'एरर' शोधत या, आणि पहिली खरी एरर सापडली की तिथंच थांबून नीट वाचा. निम्मे प्रश्न तिथंच सुटतात.

दुसरी चूक मी स्वतः केलीये. 8 जीबी रॅमचा लॅपटॉप, आठ कोअर, काहीच सेट न करता मेक चालवलं, तासाभराने माउस हलेना आणि मग कंपायलर 'किल्ड' असं म्हणून बंद. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो, डीमेसेज (कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा लॉग) बघितलं तेव्हा कळलं की मेमरी संपली म्हणून कर्नलनेच ती प्रोसेस मारली होती. लिबरऑफिसचं बिल्ड आपण सांगितलं नाही तर जेवढे कोअर तेवढी कामं एकदम काढतं, म्हणून रॅम कमी असेल तर ऑटोजेनला (मेकच्या आधी चालवायची, बिल्डची सेटिंग ठरवणारी स्क्रिप्ट) पॅरेललिझम 3 किंवा 4 द्या, म्हणजे एकदम तेवढीच कामं चालतील. वेळ जास्त लागेल पण काम पूर्ण होईल. सीकॅश (आधी कंपाइल झालेलं साठवून पुढचं बिल्ड लवकर करणारं साधन) लावत असाल तर त्याची मर्यादा वाढवून 30 जीबीच्या आसपास ठेवा, नेहमीची 5 जीबी डीबग बिल्डला (चुका शोधायला जादा माहिती ठेवणारं बिल्ड) पुरत नाही आणि मग जुन्या फाइल्स उडत राहतात, दुसरं बिल्डही पहिल्याइतकंच रखडतं.

बाकी छोट्या गोष्टी: फोल्डरच्या पाथमध्ये स्पेस नको, रूट होऊन बिल्ड करू नका (मेक अडवतंच), उबुंटू किंवा डेबियनवर बिल्ड-डेप (बिल्डला लागणारी पॅकेजेस बसवणारी कमांड) चालवायच्या आधी सोर्स रेपॉझिटरी चालू करा.

मराठी इंटरफेस हवा असेल तर ऑटोजेनच्या विथ-लँग मध्ये 'एमआर' द्यायचं. भाषांतरं वेगळ्या सबमॉड्यूलमध्ये (मुख्य कोडला जोडलेली वेगळी रेपॉझिटरी) असतात, म्हणून नवा कोड आणायला नुसतं गिट पुल केलं तर मुख्य कोड पुढे जातो आणि भाषांतरं मागं राहतात. सोर्समध्येच 'जी' नावाची छोटी स्क्रिप्ट आहे, पुल तिच्यातूनच करा, ती सबमॉड्यूलसुद्धा अपडेट करते.

आता टेस्टचं. घाई असली की लोक 'बिल्ड-नोचेक' (टेस्ट न चालवता बिल्ड) करतात, ऑफिस उघडलं की झालं असं समजतात आणि तसाच पॅच (कोडमधला आपला बदल) प्रोजेक्टला पाठवतात. असं नका करू, प्लीज. नुसतं मेक केलं तर युनिट टेस्ट (कोडचे छोटे भाग तपासणाऱ्या) चालतात, 'मेक चेक' मध्ये त्याहून सावकाश चालणाऱ्या टेस्ट आणि यूआय (मेनू, खिडक्या तपासणाऱ्या) टेस्टही येतात. एखादी फेल झाली तर घाबरून परत सगळं बिल्ड करायची गरज नाही, तीच एक टेस्ट परत कशी चालवायची आणि जीडीबीत (चूक शोधायचा डीबगर) कशी उघडायची ती कमांड तिथंच छापलेली असते, आणि ती कुणी वाचतच नाही! आधी तुमचा बदल बाजूला ठेवून तीच टेस्ट चालवा. तरीही फेल झाली तर दोष तुमच्या बदलाचा नाही, मशीनवर काहीतरी कमी असेल नाहीतर मास्टरच (प्रोजेक्टचा मुख्य कोड) त्या दिवशी बिघडलेलं असेल.

आणि शेवटची चूक, जिच्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली. बदल केला, बिल्ड झालं, मेनूतून रायटर उघडलं, बदल दिसेचना. दिसणार कसा, मेनूतलं रायटर डिस्ट्रोबरोबर (उबुंटूसारख्या लिनक्सबरोबर) आलेलं होतं. आपलं बिल्ड बिल्डच्या फोल्डरातल्या इन्स्टडिर मधल्या प्रोग्राम फोल्डरात असतं, तिथलं एसऑफिस चालवा, हेल्पमधून अबाउट उघडा आणि बिल्ड आयडी तुमच्या कमिटशी (गिटमध्ये नोंदवलेला बदल) जुळतोय का ते बघा. जुळला की मग 'कृष्णाच्या वर्गात दुष्टांना थारा नाही' असं एखादं जोडाक्षरांचं वाक्य टाइप करून, सेव्ह करून, बंद करून परत उघडून मराठी अक्षरं नीट दिसतात ना ते बघा.