चयापचय बदललाय, की पेशीच कमी झाल्यात?

अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल या वनस्पतीजन्य विषावर काम घेणाऱ्याला ब्रसेल्सचं प्रकरण ठाऊक असतंच: वजन घटवण्याच्या गोळ्या, निकामी मूत्रपिंडं, 1993 चा शोधनिबंध. प्रस्तावना त्यावर निभते. पीएचडी अडते ती भागाकारात.

प्लेटमधल्या मूत्रपिंडाच्या पेशींना डोस दिला, चोवीस तासांनी पेशी काढल्या, मास स्पेकला (रेणू वजनावरून ओळखून मोजणाऱ्या यंत्राला) पाठवल्या. एटीपी (पेशीचं इंधन) कमी, ग्लुटाथायोन (पेशीचं संरक्षक रसायन) कमी, अमिनो आम्लंही कमी, हीटमॅप, म्हणजे आकड्यांचा रंगीत तक्ता, निळाशार. गाइड खूश. पण डोसने निम्म्या पेशी मेल्या असतील तर प्लेटमध्ये सगळंच निम्मं सापडणार. पट निम्मा झाला म्हणून वर्गातली मुलं बुटकी झाली, असं म्हणण्यातलाच प्रकार.

म्हणून आकडा कशाने तरी भागायचा. प्रथिनाने? विषामुळे पेशीतलं प्रथिनच कमी-जास्त होतं, शिवाय अर्धमेल्या पेशी तळाला चिकटून असतात, त्यांचंही मोजलं जातं. एमटीटीने, म्हणजे जिवंत पेशींत जांभळा होणाऱ्या रंगद्रव्याने? तो जांभळा रंगच पेशीतल्या एनएडीएचवर आणि रिडक्टेजांवर, म्हणजे चयापचयाच्याच रेणूंवर आणि विकरांवर अवलंबून, म्हणजे जे तपासायचं त्यानेच भागणं. डीएनएने? बरं, पण या आम्लाने पेशी विभाजनाच्या तोंडावर, जी2-एम टप्प्यावर अडकतात आणि तिथे पेशीमागे डीएनए दुप्पट असतो. शेवटी समांतर प्लेट लावून केंद्रकं रंगवा आणि मोजा. कंटाळवाणं आहे, दुसरा भरवशाचा मार्ग मला सापडलेला नाही. सॉफ्टवेअरमधलं ‘एकूण बेरजेने भागा’ हे बटण तर पहिल्या फेरीत दाबूच नका. माझी उमेदीची वर्षं या एका पायरीवर गेली, म्हणून इतकं घोळवून सांगतेय.

घाबरू नका, बाकीचं शिकता येतं. पेशींचं चयापचय जागीच थांबवायला थंड मिथेनॉल ओतताना सुरुवातीला सगळ्यांचाच हात कापतो.

एचके-2 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मूत्रपिंडाच्या पेशींबद्दल मात्र स्पष्टच सांगते: हे आम्ल आत नेणारे ओएटी1 आणि ओएटी3 वाहक त्यांच्यात जवळपास नसतातच. म्हणून डोस चढवावा लागतो, आणि चढवला की वरचा घोळ. शिवाय शरीरात समीपस्थ नलिकेच्या (मूत्रपिंडातल्या नळीच्या सुरुवातीच्या भागाच्या) पेशी, ज्यांच्यापासून एचके-2 आल्या, मुख्यतः मेदाम्लांवर जगतात. भरपूर ग्लुकोजच्या माध्यमात त्या ग्लायकोलिसिसवर, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाविना ग्लुकोज फोडण्यावर, भागवतात आणि मायटोकॉन्ड्रियाची इजा झाकली जाते. एक तुकडी ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोजवर वाढवून बघा, म्हणजे त्यांना मायटोकॉन्ड्रियावरच विसंबावं लागेल. डोस असा निवडा की सहा तासांनी केंद्रकांची संख्या कंट्रोलइतकीच, म्हणजे विष न दिलेल्या पेशींइतकीच, भरेल. तेव्हाही ग्लुटाथायोन घसरलेलं दिसलं, तर ते गाइडला दाखवा.